खेळाडूची निष्ठा

खेळाडूचा मैदानावरील काळ थोडा असतो. पंधरा-वीस वर्षांत पाय थकतात व त्याची जागा तरुण खेळाडू घेतो. मग ज्या संघासाठी त्याने घाम गाळला, त्या संघाशी असलेले त्याचे नाते तेथेच संपते काय? पुष्कळांचे ते संपत नाही. काल मैदानात धावणारा आज प्रेक्षकांत बसतो आणि त्याच संघाच्या विजयाची वाट पाहतो. थोर फुटबॉलपटू चुनी गोस्वामी यांचे जीवन याची साक्ष देते.

कोलकात्यात फुटबॉलचे दोन नामांकित क्लब आहेत. मोहन बागान १८८९ साली स्थापन झाला. १९११ साली त्याने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. ईस्ट बंगाल हा क्लब १९२० साली निघाला. पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे बहुधा त्याचीच बाजू घेत.

चुनी यांचा जन्म १९३८ साली पूर्व बंगालमधील किशोरगंज येथे झाला. जन्मभूमीचाच विचार केला, तर त्यांचे मन ईस्ट बंगालकडे ओढले जायचे. परंतु अवघ्या आठव्या वर्षी ते मोहन बागानच्या मुलांच्या संघात दाखल झाले. १९५४ साली ते मुख्य संघात आले, पुढे त्याचे कर्णधार झाले आणि १९६८ साली निवृत्त झाले. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. ते क्रिकेटही उत्तम खेळत. १९७२ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ते मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार होते. फुटबॉलमध्ये मात्र मोहन बागानचा हिरवा-किरमिजी रंग त्यांनी कधी सोडला नाही.

अशी निष्ठा कशातून उपजते? प्रेक्षक बहुधा संघाचा विजय पाहून त्याच्यावर लोभ जडवितो. खेळाडूने त्या विजयाची किंमत स्वतः मोजलेली असते. पावसातील सराव, सोबत्यांचा आधार, पराभवानंतरचे मौन हे सारे त्याने अनुभवलेले असते. ज्यासाठी आपण झिजतो, ते आपोआप आपले होते.

२००५ साली क्लबने चुनी यांना ‘मोहन बागान रत्न’ हा सन्मान दिला. २०२० साली त्यांचे निधन झाले. काही नाती जन्माने लाभतात. काही मात्र श्रमाने जोडावी लागतात, आणि तीही तितकीच टिकाऊ असतात.