गोम आणि वाणी : बहुपादांची शहानिशा

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या कपाशी-सोयाबीनच्या गावी मृगाच्या सरींनी काळी जमीन भिजली, की धुऱ्यावरील पालापाचोळ्यातून, दगडांखालून आणि न्हाणीच्या ओलसर कोपऱ्यांतून जे बहुपाद प्राणी बाहेर पडतात, त्या सर्वांस शहानिशा न करता एकाच शिक्षेस पात्र ठरविणे घराच्या आणि शेताच्याही हिताचे नाही.

यांत मुख्य दोन : गोम आणि वाणी. दोन्ही कीटक नव्हेत, कारण प्रौढ कीटकास पायांच्या तीनच जोड्या असतात. ओळख पटविण्यासाठी पाय मोजण्याची गरज नाही. ते अंगास कसे जडले आहेत, एवढे पाहावे. जिच्या प्रत्येक खंडास पायांची एकच जोडी, देह चपटा, पाय दोहों बाजूंस पसरलेले आणि चाल अतिशय चपळ, ती गोम. आणि जिच्या बहुतेक खंडांस दोन-दोन जोड्या, देह गोल, चाल संथ, आणि स्पर्श होताच जी चकलीप्रमाणे वेटोळे घालते, ती वाणी. 2021 साली ऑस्ट्रेलियातील एका भूगर्भवासी वाणीच्या जातीची नोंद झाली, तिच्या एका मादीस 1306 पाय आढळले. गोमेच्या पायांच्या जोड्या मात्र संख्येने नेहमी विषम असतात.

गोम शिकारी आहे. डोक्यामागील पायांची पहिली जोडी तिच्या ठायी विषारी नख्यांत रूपांतरित झालेली असते. तिचा दंश वेदनादायक असला, तरी झुरळे व अन्य कीटक हेच तिचे भक्ष्य. वाणी दंश करीत नाही. परंतु तिच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रवाने त्वचेवर डाग पडतात आणि डोळ्यांची आग होते, म्हणून तिला हाताळल्यास हात धुवावेत.

कुजका पालापाचोळा खाऊन त्याचे खत करणे हे वाणीचे स्वाभाविक कार्य. मात्र खरिपाच्या आरंभी तीच रात्री कोवळे अंकुर कुरतडते आणि तासांत खांडण्या पडून दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो. म्हणून पेरणीपूर्वी धसकटे वेचावीत, सायंकाळी शेतात गवताचे लहान ढीग ठेवावेत आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या वाणी ढिगासह नष्ट कराव्यात. घरात गोमेचा बंदोबस्त ओल व अडगळ दूर केल्याने होतो. शेतातील नुकसानीचा ठपका मात्र तिच्यावर ठेवू नये, कारण तेथे ती इतर किडींचाच फडशा पाडीत असते.