पेशींतील खुणा आणि त्यांचा वाचक

१९५४ सालीं व्हिएन्ना येथील डॉक्टर आन्द्रेआस रेट यांस आपल्या दवाखान्यांत दोन मुली आयांच्या मांडीवर बसलेल्या दिसल्या. दोघीही सारख्या हात चोळीत होत्या, आणि तेंही अगदीं एकाच तऱ्हेनें. त्या विकारास पुढें रेट यांचेंच नांव मिळालें. सुमारें दहा हजार मुलींत एकीला तो होतो. पहिले कित्येक महिने मूल नीट वाढतें. मग शिकलेले शब्द जातात, हातांनीं वस्तु धरण्याची शक्ति जाते, आणि आईबापांनीं नुसतें पाहत राहावयाचें. या विकाराचें मूळ सांपडलें तें रोग शोधण्यास न निघालेल्या एका शास्त्रज्ञाच्या वाटेवर.

१९४७ सालीं इंग्लंडांत जन्मलेले एड्रियन बर्ड यांचें बहुतेक संशोधन एडिंबरो येथें झालें. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींतील आनुवंशिक मजकूर एकच असतां त्यांचें वागणें इतकें भिन्न कां, हा त्यामागचा प्रश्न. एकाच पोथीवरून दोन कीर्तनकार निरनिराळीं आख्यानें लावतात, तीं समासांतल्या आपापल्या खुणा पाहून; पोथीचें अक्षर कोणी बदलीत नाहीं. पेशींतही अशा खुणा आहेत. डीएनएच्या धाग्यावर ठिकठिकाणीं मेथिल नांवाचा लहानसा अणुसमूह चिकटतो, आणि पुष्कळदां तेथील जनुक मुकें होतें.

पण खूण केली तरी ती वाचणारा कोणी हवा. १९९२ सालीं बर्ड यांच्या गटानें या खुणांना जाऊन बिलगणारें ‘मेक-पी-२’ हें प्रथिन वर्णिलें. तें तेव्हां तज्ज्ञांपुरतेंच कुतूहल होतें. १९९९ सालीं ह्यूस्टन येथील हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें, कीं रेटच्या विकारांत बिघाड असतो तो याच प्रथिनाच्या जनुकांत.

येथून प्रश्न पालकांच्या जिव्हाळ्याचा झाला. मेंदूची घडणच चुकली असेल तर उपाय खुंटला. पेशी जिवंत राहून केवळ अडून बसल्या असतील तर आशा आहे. बर्ड यांच्या प्रयोगशाळेनें असे उंदीर तयार केले, कीं ज्यांत हें जनुक बंद असून औषध टोंचल्यावर तें चालूं होई. विकार अंगांत भिनूं दिला; कांहीं उंदीर मृत्यूच्या दारीं पोंचले. जनुक एकदम चालूं केलें तेव्हां कित्येक दगावले. बेताबेतानें केलें तेव्हां मात्र मरणोन्मुख उंदीरही सावरले. हें २००७ सालीं प्रसिद्ध झालें.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें पहिलें औषध कांहीं लक्षणेंच सौम्य करितें. त्याच वर्षीं मुलींवर जनुकोपचाराच्या चांचण्या सुरू झाल्या. अडचण आहे ती मात्रेची. अशा मुलीच्या मेंदूंतील सुमारें निम्म्या पेशींत जनुक मुळांतच चांगलें चालतें. त्यांस आणखी भर पडली तर प्रथिनाचा अतिरेक होऊन मेंदूस निराळाच अपाय होतो.