हृदयाच्या नकाशाचं पेटंट

रुग्णाला एक जाकीट घातलं जातं. खरं तर ते चिकटपट्ट्यांचं जाकीट असतं. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवरून या पट्ट्या खांद्यापासून कमरेपर्यंत उतरतात आणि त्यांच्यावर २५२ इलेक्ट्रोड ओळीनं बसवलेले असतात. एरवी दवाखान्यात आपला ईसीजी काढतात तेव्हा अंगाला दहा इलेक्ट्रोड लावतात. जाकीट अंगावर असतानाच रुग्णाचा सीटी स्कॅन होतो आणि थोड्या वेळानं पडद्यावर त्याच्याच हृदयाची त्रिमिती प्रतिमा उभी राहते. तिच्यावरून विजेची लाट कुठून निघाली, कुठे अडली, कुठे गोल फिरत राहिली, हे रंगांत दिसतं. ज्याच्या हृदयाचे ठोके मध्येच बेताल होतात, अशा रुग्णाच्या डॉक्टरला या नकाशाचं मोल फार मोठं. बिघाडाची जागा आधी ठाऊक असेल, तर अ‍ॅब्लेशन (बिघडलेली जागा निकामी करण्याचा उपचार) करताना हृदयाच्या आत नळी घालून ती जागा शोधत बसण्याचा वेळ वाचतो.

हे तंत्र अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात योराम रुडी यांच्या प्रयोगशाळेत वाढलं. २००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यावरचा महत्त्वाचा निबंध आला. त्याच्या पहिल्या लेखिका चारू रामनाथन. त्यांनी आणि पिंग जिया यांनी पुढे ‘कार्डिओइनसाइट’ ही कंपनी काढली आणि २०१५ साली मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीनं ती विकत घेतली. या लेखात मला या यशाबद्दल कमी आणि एका प्रश्नाबद्दल जास्त लिहायचं आहे. असं एखादं अंगावर घालायचं वैद्यकीय उपकरण पेटंट कार्यालयात परीक्षकाच्या टेबलावर येतं, तेव्हा तो त्यात नेमकं काय शोधतो?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण या जाकिटातलं जवळपास सगळं आधीपासून ठाऊक होतं. हृदयाची वीज शरीराच्या पृष्ठभागावर मोजता येते हे ऑगस्टस वॉलर यांनी लंडनमध्ये १८८७ साली दाखवलं. आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मोजणी वापरण्याजोगी केली आणि १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. दहाऐवजी शेकडो जागांवरून मोजून छातीचा विद्युत-नकाशा काढायचं काम ब्रूनो ताकार्दी यांनी १९६३ सालीच प्रसिद्ध केलं होतं. नॉर्मन होल्टर यांनी ईसीजीचं यंत्र माणसाच्या पाठीवर चढवलं तेव्हा त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं. ते बोजड होतं, पण अंगावर वागवता येण्याजोगं होतं. सीटी स्कॅन १९७१ पासून आहे.

राहिलं गणित. छातीवरच्या आकड्यांवरून हृदयावरचे आकडे काढायचे म्हणजे उलट्या दिशेनं चालायचं. हृदयातून निघालेली वीज फुप्फुसं, हाडं आणि चरबी यांतून येता येता पसरट होते. त्यामुळे आत अगदी वेगवेगळं घडत असलं, तरी बाहेर जवळपास सारखेच आकडे दिसू शकतात. मोजणीत किंचित चूक झाली की उत्तर भलतीकडे जातं. गणितज्ञ हादामार यांनी अशा प्रश्नांना एक वेगळा वर्ग नेमून दिला होता. त्यांना आवर घालायची रीत रशियन गणितज्ञ तिखोनोव यांनी मांडली, तीही १९६३ सालीच. मिळणाऱ्या असंख्य उत्तरांपैकी आकड्यांशी जुळणारं आणि त्याच वेळी फार उड्या न मारणारं उत्तर निवडायचं, असा तिचा गाभा आहे.

म्हणजे इलेक्ट्रोड जुने, नकाशा जुना, स्कॅन जुना, गणितही जुनं. मग नवं काय? पेटंट परीक्षण या एका प्रश्नाभोवती फिरतं, आणि त्याचं उत्तर यंत्रात सापडत नाही. ते दाव्यात सापडतं. दावा म्हणजे अर्जाच्या शेवटी येणारं ते लांबलचक वाक्य, ज्यात संशोधक आपल्या मालकीची हद्द आखतो. परीक्षक तपासतो ते हे वाक्य.

समजा, मी असा दावा लिहिला : ‘अनेक इलेक्ट्रोड बसवलेलं, छातीवर घालायचं वस्त्र आणि त्यावरून हृदयाचा विद्युत-नकाशा दाखवणारा संगणक.’ परीक्षक ताकार्दींचा निबंध आणि अंगात घालायच्या एखाद्या मॉनिटरचं जुनं पेटंट शेजारी ठेवेल आणि लिहील की या दोहोंची सांगड घालणं त्या विषयातल्या कुशल माणसाला सहज सुचण्याजोगं आहे. भारतात तो पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) हेही दाखवेल. ओळखीची उपकरणं एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं काम पूर्वीसारखंच स्वतंत्रपणे करत राहिलं, तर कायद्याच्या दृष्टीनं तो शोध ठरत नाही. कपड्यात सेन्सर शिवणाऱ्या किती तरी अर्जांना हे कलम आडवं येतं.

आता तेच वाक्य घट्ट करू या. प्रत्येक इलेक्ट्रोडजवळ स्कॅनमध्ये दिसणारी खूण आहे, त्यामुळे इलेक्ट्रोडची जागा आणि हृदयाचा आकार एकाच मोजमापात मिळतात. प्रत्येक इलेक्ट्रोडचा त्वचेशी असलेला संपर्क सतत मोजला जातो. जिथे तो सैल पडला, तिथला आकडा गणितातून त्याच क्षणी वगळला जातो किंवा त्याचं वजन कमी केलं जातं. हा दावा मी उदाहरणादाखल रचला आहे, पण फरक लक्षात यावा. आता वस्त्र, सेन्सर आणि गणित एकमेकांच्या कामात हात घालतात. संपर्काची मोजणी नसेल तर नकाशा वेगळा निघेल. हे सगळे भाग आधी कुणी असे जोडले होते का, हे परीक्षकाला आता शोधावं लागेल. दावा अरुंद झाला, पण त्यात उभं राहण्याची ताकद आली.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. डॉक्टर नाडी पाहतो, आलेख वाचतो, निष्कर्ष काढतो. ही त्याची विद्या आहे आणि तिच्यावर कुणाची मालकी असू नये, याबद्दल बहुतेक देशांत एकमत आहे. निव्वळ गणितावरही मालकी नसावी, हेही मान्य आहे. पण शरीराचा नकाशा काढणारं उपकरण एका बाजूनं निदानाला आणि दुसऱ्या बाजूनं गणिताला टेकलेलं असतं. मग रेघ कुठे मारायची? प्रत्येक देशानं ती वेगळ्या जागी मारली आहे.

अमेरिकेत २०१२ च्या ‘मेयो’ आणि २०१४ च्या ‘अ‍ॅलिस’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर वैद्यकीय आणि संगणकी पेटंटांवर मोठी तलवार लटकली. निसर्गनियम किंवा अमूर्त कल्पना एवढंच हाती असेल तर पेटंट नाही, असं ठरलं. त्या काळातला ‘कार्डिओनेट विरुद्ध इन्फोबायोनिक’ हा खटला मला सगळ्यांत बोलका वाटतो. कार्डिओनेटचं पेटंट, क्रमांक ७९४१२०७, अंगावर वागवायच्या हृदय-मॉनिटरचं होतं. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर किती बदलतं ते यंत्र पाहतं आणि त्यावरून एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटर हे वरच्या कप्प्यांतले बिघाड ओळखतं. मेख अशी की खालच्या कप्प्यातून मधेच उठणारे अवांतर ठोकेही ही अंतरं बिघडवतात आणि यंत्राला फसवतात. म्हणून हे यंत्र असे ठोके वेगळे ओळखतं आणि त्यांच्यामुळे आलेला बदल हिशेबात धरूनच इशारा देतं.

मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयानं म्हटलं की ही अमूर्त कल्पना आहे. ठोक्यांमधली अंतरं पाहून निदान करायचं, एवढंच यात आहे. एप्रिल २०२० मध्ये पेटंटांची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयानं हा निकाल फिरवला. डॉक्टर पूर्वीपासून हातानं जे करत होते तेच यंत्राकडे सोपवलं आहे, असं कागदपत्रांतून दिसत नाही. हे हृदय-मॉनिटर सुधारणारं तंत्र आहे, असं बहुमतानं ठरलं. माझ्या मते हा निकाल योग्य होता, कारण न्यायालयानं यंत्र आत काय करतं ते वाचलं. वरवर पाहिलं तर कोणतंही निदानाचं यंत्र अमूर्तच वाटेल.

युरोपनं वेगळी वाट धरली. तिथे मानवी शरीरावर केल्या जाणाऱ्या निदानपद्धतीला पेटंट नाही, पण निदानाचं उपकरण या बंदीत येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळानं ही बंदीही अरुंद केली. डॉक्टरच्या निष्कर्षापर्यंतचे सारे टप्पे दाव्यात असतील आणि त्यांतले तांत्रिक टप्पे शरीरावर घडत असतील, तरच ती लागू होते.

आपल्याकडे रेघ कडक आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(आय) माणसांवरच्या उपचारपद्धतींना पेटंट नाकारतं. ‘निदान’ हा शब्द त्यात २००२ च्या दुरुस्तीनं आला. कलम ३(के) गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रणाली वगळतं. म्हणून नकाशा काढणाऱ्या सेन्सरच्या भारतीय अर्जावर पहिला परीक्षण अहवाल येतो तेव्हा या दोन्ही कलमांच्या हरकती त्यात असतील असं धरूनच चालायचं. अर्जदार मग पद्धतीचे दावे सोडतो आणि उपकरणाचे धरून ठेवतो. तरी काम संपत नाही. उपकरणाचं नाव देऊन आत फक्त अल्गोरिदमच मांडला असेल तर जाणता परीक्षक तो ओळखतो. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की संगणकी शोधात तांत्रिक परिणाम असेल, तर केवळ तो संगणकावर चालतो म्हणून नाकारू नये. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं गर्भाच्या डीएनए चाचणीच्या प्रकरणात ३(आय) ची फोड केली. निदान शरीराबाहेर, प्रयोगशाळेत झालं तरी ते कलमाच्या कक्षेत येऊ शकतं. मात्र पद्धतीतून रोगाची ओळखच पटत नसेल, तर बंदी लागू नये. याचा अर्थ युरोपात चालणारी युक्ती इथे चालेलच असं नाही. जाकिटातले आकडे दूरच्या सर्व्हरवर नेऊन तिथे निदान केलं, तरी हरकत सुटेल याची खात्री नाही.

या कडकपणाबद्दल नव्या कंपन्यांत नाराजी ऐकू येते. मला मात्र तो रुग्णाच्या बाजूचा वाटतो. उद्या ‘ठोक्यांच्या अंतरावरून फिब्रिलेशन ओळखणं’ एवढंच एखाद्याच्या मालकीचं झालं, तर दुसरं स्वस्त आणि कदाचित अधिक अचूक जाकीट बाजारात यायला वीस वर्षं थांबावं लागेल. ज्यानं त्वचेचा संपर्क, स्कॅनमधली खूण आणि गणित एकत्र गुंफलं, त्याला त्या गुंफणीची मालकी खुशाल मिळावी. हृदयाकडे पाहण्याची मालकी मात्र मिळता कामा नये.

परीक्षणातून पार पडलेलं पेटंटही कायमचं सुरक्षित नसतं. अलाइव्हकोर या कंपनीनं आपल्या पेटंटांच्या आधारे अ‍ॅपल वॉचच्या ईसीजीविरुद्ध अमेरिकेत लढा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं तिच्या बाजूनं कौल दिला. पण त्याच महिन्यात पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळानं तीच पेटंटं आधीच्या ज्ञानावरून सहज सुचण्याजोगी आहेत म्हणून रद्दबातल ठरवली, आणि मार्च २०२५ मध्ये फेडरल सर्किटनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पहिल्या परीक्षणात शोध अपुरा राहिला की हिशेब असा पुढे निघतो, आणि तोवर दोन्ही बाजूंचा प्रचंड खर्च झालेला असतो. म्हणून परीक्षकानं सुरुवातीलाच हट्टानं जुने निबंध खणून काढले, तर अर्जदारानं खरं तर त्याचे आभार मानावेत.

भारतातली प्रक्रिया कागदावर आखीव आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते आणि २०२४ च्या नियमांनंतर तिची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे. अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, मागितले तर आणखी तीन. स्टार्टअपला आणि स्त्री अर्जदारांना जलद परीक्षण मागता येतं. या साऱ्या यंत्रणेचे प्रमुख म्हणजे महानियंत्रक.

महाराष्ट्रात वैद्यकीय उपकरणांवर काम करणारी तरुण मुलं आज बरीच आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ केंद्रातून अशी उपकरणं घडली आहेत, पुण्या-नागपुरातही ते काम चालतं. त्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगाव्याशा वाटतात. पहिली तपशीलाची. आपल्या कायद्यात शोध करण्याची सर्वांत चांगली रीत उघड करावी लागते. जाकिटातलं गणित कोणतं, आकड्यांना किती वजन दिलं, सैल इलेक्ट्रोड कोणत्या मर्यादेला वगळला, हे पहिल्याच दिवशीच्या कागदात हवं. नंतर दावा अरुंद करता येतो, पण मूळ कागदात नसलेली गोष्ट आत घालता येत नाही. हरकत आली की ‘आमचं यंत्र हेही करतं’ असं सांगणारे अर्जदार इथेच अडकतात.

दुसरी गोष्ट उघड करण्याच्या वेळेची. परिषदेत पोस्टर लावलं, हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली, की नवेपणा धोक्यात येतो. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत आहे. आपल्याकडे ती विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्याच प्रसंगांना मिळते. युरोपात ती जवळपास नाहीच. तात्पुरता अर्ज थोडक्या पानांत आधी दाखल करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. पोस्टर छापायला देण्याआधी तो दाखल झालेला असावा.

डॉक्टरांसाठीही इथे एक दार उघडं आहे. प्रसिद्ध झालेल्या अर्जाला पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो. २०२४ पासून त्याला शुल्क आहे, पण अधिकार कायम आहे. वॉर्डात वर्षानुवर्षं जे केलं जातं तेच कुणी नवं म्हणून मांडलं असेल, तर त्या विषयावरचा जुना निबंध किंवा छापील शोधपत्रिकेचं पान घेऊन हृदयरोगतज्ज्ञ पेटंट नियंत्रकापुढे उभा राहू शकतो. परीक्षकाच्या शोधात न सापडलेली अशी पानं अनेकदा डॉक्टरांच्या कपाटांतच असतात.