अथीनेचें वज्र आणि वज्रेश्वरी

भिवंडी तालुक्यांत, तानसा नदीच्या परिसरांत, वज्रेश्वरीचें प्रसिद्ध देवस्थान आहे. ज्याच्या संग्रहीं मिनँडर राजाचा रुप्याचा द्रम्म असेल, त्याच्या मनांत एक शंका सहज उद्भवते. त्या नाण्याच्या पृष्ठभागीं डाव्या हातीं ढाल धरून उजव्या हातानें वज्र फेंकणारी एक स्त्री आहे. ही तीच तर नव्हे? दिसण्यांतील साम्य मोहक असल्यामुळें प्रश्न नीट तपासून पाहणें अवश्य आहे.

नाण्यावरील स्त्री म्हणजे ग्रीकांची अथीना. झ्यूस या देवराजानें मेटिस नामक बुद्धिदेवता गर्भिणी असतां गिळिली व पुढें त्याच्याच मस्तकांतून अथीना प्रकट झाली, अशी त्यांची कथा आहे. त्यांचा एरीस हा देव केवळ रक्तपाताचा. अथीना मात्र योजनापूर्वक युद्धाची, आणि म्हणूनच बुद्धीचीही देवता. विणकामही तिच्याच अधिकारांतलें. अथेन्सचे लोक तिच्या उत्सवांत तीस नवें विणलेलें वस्त्र अर्पण करीत. भिवंडीसारख्या मागांच्या गांवीं हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

परंतु अथीनेचें नित्याचें आयुध भाला होय. वज्र तिच्या पित्याचें. वज्र फेंकणारी अथीना हें विशिष्ट रूप असून मॅसिडोनियाची राजधानी पेल्ला येथें ती ‘अल्किडेमॉस’ या नांवानें पूजिली जात असे. अलेक्झांडरच्या मागून आलेल्या ग्रीक राजांनीं हें रूप पूर्वेकडे आणिलें आणि मिनँडरनें (इ. स. पूर्वीं सुमारें १५५ ते १३०) तें आपल्या नाण्यांवर घेतलें. पालि ग्रंथांतील मिलिंद तो हाच. त्याच्या द्रम्माचें वजन सुमारें अडीच ग्रॅम. दर्शनी बाजूस राजाचें मुख व ग्रीक लेख, मागें देवतेभोवतीं खरोष्ठींत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. असल्या द्विभाषी नाण्यांच्याच आधारें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत खरोष्ठी लिपि उलगडली.

हीं नाणीं आपल्या बाजूस आलीं काय? इसवीच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या ग्रंथांत भडोचच्या बाजारीं अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म चालत असल्याचें नमूद आहे. त्याच ग्रंथांत भिवंडीहून तीन-चार कोसांवरील कल्याण बंदराचाही उल्लेख येतो. तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात. तेव्हां अथीनेची मुद्रा पश्चिम किनाऱ्यावर फिरत होती, इतकें निश्चित. पण मुद्रा फिरणें निराळें व देवता पूजिली जाणें निराळें. जुन्नर, कार्लें व नाशिक येथील लेण्यांत यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. जुन्नरास इरिल नामक यवनानें पाण्याचीं टाकीं दिलीं. हीं सारीं दानें बौद्ध संघास आहेत. यांपैकीं कोणीही अथीनेचें नांव घेत नाहीं.

नहपानाच्या नाण्यांवर मात्र वज्र आहे, बाणाच्या सोबतीनें. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत, गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा उमटविलेलीं नऊ हजारांवर आहेत. तीं पाहतां हें चिन्ह या प्रांतीं किती हातांतून गेलें असेल याची कल्पना येते. वज्र राहिलें, देवी नाहीं.

वज्रेश्वरीचें मूळ दुसरीकडे आहे. वज्र हें ऋग्वेदांत त्वष्ट्यानें इंद्राकरितां घडविलेलें आयुध. त्यास ग्रीकांची अपेक्षा नाहीं. विद्या व शौर्य एका देवींत मानण्यासही नाहीं, कारण ऋग्वेदांत सरस्वतीस ‘वृत्रघ्नी’ म्हटलें आहे. इंद्रानें सोडिलेलें वज्र देवीनें गिळिलें, असें स्थलकथेंत सांगतात. येथें वज्र गिळिलें व तेथें मेटिस गिळिली, एवढ्यावरून नातें जोडणें म्हणजे केवळ शब्दखेळ होय. आजचें देवालय तर बरेंच अर्वाचीन. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं देवीस नवस केला व मे १७३९ मध्यें किल्ला हातीं आल्यावर तो फेडिला, अशी परंपरा आहे. मिनँडर व चिमाजी आप्पा यांच्यामध्यें अठराशेंहून अधिक वर्षें आहेत, आणि तें अंतर भरून काढणारा एकही लेख किंवा मूर्ति पुढें आलेली नाहीं. म्हणून वज्रेश्वरी ही अथीना नव्हे, असें आमचें मत आहे.

ठाणें जिल्ह्यांत उद्यां एखाद्यास असा द्रम्म मिळाल्यास त्यानें तो घासून उजळवूं नये. वजन करावें, दोन्ही लेखांचे ठसे घ्यावे आणि विकणाऱ्यानें तो कोणत्या गांवच्या, कोणत्या शेतांतून, आणखी कोणत्या नाण्यांसह आणिला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. सराफाच्या पेटींतून आलेल्या नाण्यास अशी टिपण नसते, आणि मागाहून ती तयारही करितां येत नाहीं.