पावसातला बुवा आणि शेवंतीचा पेला

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि फोनवरच्या रमीचा बाजार उठला. बेळगाव-निपाणीकडे त्याचं कुणाला वाईट वाटलं असेल तर असो, घरच्यांना नक्कीच वाटलं नाही. पण पत्त्यांचा नाद असा कायद्याने सुटत नाही. गणपतीच्या मांडवात रात्र जागवताना मेंढीकोटाचे डावावर डाव टाकलेल्या माणसाला हातात पानं लागतातच. त्यांच्यासाठी फोनवर किंवा व्हिडिओ गेमच्या खोक्यावर, खिशातला रुपया न हलवता खेळता येईल असा एक जपानी डाव आहे. त्याचं नाव कोई-कोई. नियम पंधरा मिनिटांत समजतात, जिंकायला मात्र डोकं लागतं. ते कुठे लावायचं, हे आज बघू.

या खेळाची पानं आपल्या पत्त्यांसारखी नसतात. त्यांना हानाफुदा म्हणतात. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब, सव्वातीन रुंद, जाडजूड. त्यांवर आकडे नाहीत, राजा-राणी नाही, नुसती फुलं आणि झाडं. वर्षाचे महिने बारा, प्रत्येक महिन्याचं एक झाड, प्रत्येक झाडाची चार पानं, अशी एकूण ४८. जानेवारीला पाइन, मार्चला चेरी, सप्टेंबरला आपली शेवंती, ऑक्टोबरला मेपल. सगळ्यांत गमतीचं पान नोव्हेंबरचं. विलोच्या फांद्या लोंबताहेत, पाऊस पडतोय आणि एक बुवा छत्री घेऊन बेडकाकडे बघत उभा आहे. हा बुवा म्हणजे दहाव्या शतकातला जपानी सुलेखनकार ओनो नो मिचिकाझे. बेडूक पुन्हा पुन्हा उडी मारून फांदी गाठू बघतो हे पाहून त्याने स्वतःची अक्षरसाधना सोडली नाही, अशी दंतकथा आहे. डावात मात्र या बुवाची किंमत कमी. त्याचं पुढे येईलच.

या पानांची जन्मकथा आपल्या शेजारून जाते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५४३ मध्ये त्यांची माणसं जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. व्यापारी आणि खलाशांच्या सामानात पत्त्यांचे कॅट असायचेच. पोर्तुगीज कॅट ४८ पानांचा होता. जपानी कारागिरांनी त्याची नक्कल केली. मग शोगुनांच्या सरकारने जुगारावर बंदी आणली. एक कॅट बंद झाला की लोक वेगळ्या चित्रांचा दुसरा काढायचे. असं होता होता आकडे गेले आणि फुलं आली, पानं मात्र ४८ च राहिली. बंदी सैल झाल्यावर १८८९ मध्ये क्योटोत फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा बनवण्याचं दुकान घातलं. त्या दुकानाचं नाव निन्टेंडो. व्हिडिओ गेमच्या जगातली ही बडी कंपनी आजही हानाफुदाची पानं छापते आणि २०२० साली तिच्या स्विच यंत्रासाठी निघालेल्या ५१ खेळांच्या संचातही कोई-कोई आहे.

आपल्याकडे पत्ते आले ते दुसऱ्या वाटेने, इराणातून, गंजिफा म्हणून. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर तिथल्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा रंगवताना बघायला मिळतात. गोल पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, रंगाला बारा, एकूण १२०. ही कला मरायला टेकली होती, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात उभी केली. तिकडे म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःच नवे गंजिफा खेळ रचले. आपला बेळगाव-निपाणीचा सीमाभाग या दोन दरबारांच्या मध्ये. गंजिफात दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. हुकूम वगैरे नाही. आकड्यांच्या पानांत पाच रंगांना दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांना एक्का वरचढ. त्यामुळे कुठलं पान पडलं आणि कुठलं अजून बाहेर आहे हे ज्याला आठवतं तोच जिंकतो. कोई-कोईत हीच स्मरणशक्ती लागते, फक्त १२० ऐवजी ४८ पानांची. आपल्याला हे जमण्यासारखं आहे.

आता डाव. खेळाडू दोनच. प्रत्येकाला आठ पानं, आठ पानं खाली उघडी, उरलेल्या २४ ची गड्डी. आपल्या पाळीला हातातलं एक पान टाकायचं. खाली त्याच महिन्याचं पान असेल तर दोन्ही उचलायची, नसेल तर आपलं पान खालीच राहतं. मग गड्डीतलं एक पान उघडायचं, त्यालाही तोच नियम. उचललेल्या पानांतून ठरावीक संच जमला की गुण. मेंढीकोटात जसे नुसते हात करून भागत नाही, दश्शा घरी याव्या लागतात, तसंच इथे. ढीगभर पानं उचलून संच नसेल तर शून्य.

संचांची यादी पाठ करायला लागू नका, ॲप ती दाखवतंच. मुख्य तेवढे सांगतो. पाच मोठी पानं असतात: पाइनवरचा करकोचा, चेरीखालचा पडदा, पौर्णिमेचा चंद्र, पॉलोनियावरचा फिनिक्स आणि पावसातला बुवा. बुवा सोडून यांतली तीन जमली की ॲपप्रमाणे पाच किंवा सहा गुण. बुवा तिघांत चालत नाही, चौथा म्हणून चालतो. रानडुक्कर, हरीण आणि फुलपाखरं ही तीन पानं एकत्र आली की पाच. काही पानांवर रंगीत फीत असते. कवितेच्या तीन लाल फिती (जानेवारी, फेब्रुवारी, मार्च) पाच, तीन निळ्या फिती (जून, सप्टेंबर, ऑक्टोबर) पाच. कुठल्याही पाच फिती किंवा पाच प्राणी-वस्तू एक, दहा साधी पानं एक, आणि पुढे प्रत्येक वाढीव पानाला एकेक.

संच जमला की तुमच्यापुढे दोन वाटा. थांबून गुण घ्या, नाहीतर 'कोई-कोई' म्हणून, म्हणजे 'येऊ दे, येऊ दे' म्हणून, डाव पुढे चालवा. पुढे चालवल्यावर समोरच्याने आधी संच केला तर तुमचे गुण गेले, आणि बऱ्याच नियमांत त्याचे दुप्पट झाले. हात संपेपर्यंत नवं काही जमलं नाही, तरी बहुतेक ठिकाणी तुमच्या पदरात काहीच पडत नाही. नवखा माणूस इथेच हरतो. 'समर वॉर्स' या २००९ च्या जपानी चित्रपटात नायिका कोई-कोईच्या जोरावर जग वाचवते. तुम्ही जग वाचवायला बसलेला नाहीत.

सगळ्यांत आधी शेवंतीच्या पेल्याकडे बघा. सप्टेंबरच्या पानावर साकेचा, म्हणजे जपानी दारूचा, लाल पेला आहे. तो आणि चेरीचा पडदा मिळून पाच गुण, तो आणि चंद्र मिळून पाच गुण. दोनच पानांत पाच! तिन्ही आली तर दहा. समजा खाली शेवंतीचं एक आणि पिओनीचं, म्हणजे जूनचं, एक साधं पान आहे, हातात पेला आहे आणि फुलपाखरंही आहेत. आधी पेला घरी न्या. फुलपाखरांना अजून दोन सोबती लागतात, पेल्याला एकच. पेला समोरच्याने नेला असेल तर पडदा आणि चंद्र ही दोन पानं तुम्हाला उपयोगाची असोत वा नसोत, उचलायचीच. काही ॲपांत हे पेल्याचे संच सेटिंगमध्ये बंद करता येतात, तेव्हा खेळण्याआधी ते चालू आहेत की नाही बघा. सगळा डाव त्यावर बदलतो.

अडवणूक हा निम्मा खेळ आहे. बुवा सोडून चार मोठ्या पानांतली दोन तुम्ही घेतलीत की समोरच्याचा नुसत्या मोठ्या पानांचा एकही संच होऊ शकत नाही. डुक्कर-हरीण-फुलपाखरं मोडायला तिघांतलं एक पुरतं. म्हणून जून आणि ऑक्टोबर हे महिने सोडायचे नाहीत. जूनमध्ये फुलपाखरंही आहेत आणि निळी फीतही, ऑक्टोबरला हरीण आणि निळी फीत. एका महिन्यात दोन संचांचं सामान. उलट नोव्हेंबरच्या लाल फितीला भुलू नका, ती कवितेच्या संचात चालत नाही. डिसेंबरला फिनिक्स सोडून तिन्ही पानं साधी, दहा साध्यांचा संच भरायला ती कामाची.

हातातलं मोठं पान म्हणजे मिळवलेलं पान नव्हे. त्याच्या महिन्याचा जोडीदार खाली यायला हवा. तो आला नाही आणि हातात दुसरं काही उरलं नाही, तर तुमचा चंद्र तुम्हालाच खाली टाकावा लागतो आणि समोरचा तो हसत उचलतो. ही वेळ टाळायची तर पडून राहील असं एखादं पान जपून ठेवा. ते ओळखायचं कसं? एखाद्या महिन्याची दोन पानं उचलली गेली आणि उरलेली दोन्ही तुमच्याच हातात असली, तर त्यांतलं एक खाली टाकलं तरी ते कुणालाच उचलता येत नाही. पुढच्या पाळीला दुसऱ्याने तुम्हीच उचलायचं. अशी जोडी सुरुवातीलाच खर्चू नका, अडचणीसाठी राखा. तसंच खाली एकाच महिन्याची तीन पानं असली आणि चौथं तुमच्या हातात असलं तर घाई नको. चौथं पान टाकणाऱ्याला ती तिन्ही मिळतात आणि ते टाकणारे तुम्हीच.

थोडा हिशेब. डाव सुरू होताना तुम्हाला १६ पानं दिसतात, ३२ दिसत नाहीत. त्यांतली आठ समोरच्याच्या हातात. गड्डीतून डावभरात फार तर १६ उघडतात, कारण दोघांच्या मिळून पाळ्या तेवढ्याच. उरलेली आठ उघडतच नाहीत. म्हणजे ज्या एका पानावर तुमची सगळी भिस्त आहे ते चारात एकदा समोरच्याकडे असतं, चारात एकदा गड्डीच्या तळाशी निजलेलं असतं आणि उरलेल्या वेळी उघडतं. तेही निम्म्या वेळी समोरच्याच्या पाळीला. "एकच पान पाहिजे हो" म्हणून कोई-कोई करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

मग पुढे चालवायचं कधी? हातात पाच-सहा पानं आहेत, समोरच्याचा कुठलाच संच एका पानावर आलेला नाही, आणि तुम्हाला वाढीच्या दोन वाटा आहेत, तर खुशाल चालवा. दहा साध्या पानांवर झालेला एक गुण असेल तर पुढचं प्रत्येक साधं पान गुण वाढवतं, तिथे धोका कमी. बऱ्याच नियमांत सात गुणांपासून डाव दुप्पट होतो, म्हणून सहावर असताना एक फीत किंवा एक प्राणी कमी असेल तर पुढे चालवून बघण्यात अर्थ आहे. सात झाले की मात्र उठा. चौदा गुण सोडून सोळासाठी बसणारा माणूस मी तरी शहाणा म्हणणार नाही. हातात दोनच पानं उरली असली किंवा समोरचा पेला घेऊन बसला असला तरीही घ्या आणि मोकळे व्हा.

पूर्ण सामना बारा डावांचा, महिन्याला एक. शेवटच्या डावात दहा गुणांनी पुढे असाल तर एका गुणाचा फाटका संचसुद्धा उत्तम, समोरच्याचं दार बंद झालं. मागे असाल तर एका गुणावर थांबून काय मिळणार? तिथे कोई-कोई म्हणावंच लागतं.

नव्याने सुरू करणार असाल तर एवढं करा. पहिले काही सामने ॲपची सूचना चालू ठेवा, कुठलं पान कशाशी जुळतं ते डोळ्याला सवयीचं होऊ दे, मग ती बंद करा. दुप्पट कधी होतं आणि पेल्याचे संच आहेत की नाहीत, हे दोन नियम आधी वाचा. आणि तीन महिन्यांचा छोटा सामना लावू नका, त्यात नुसतं नशीब चालतं. बारा महिन्यांचाच लावा.