सेनापतीचा झाला गडी

बँकेतून निवृत्त झालो, तरी हिशेब सुटत नाही. नातू संगणकावर ‘डोटा’ खेळत बसला, की वाया गेलेल्या तासांची मी बेरीज करी. एकदा त्यानेच समजावले. १९९८च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एकटा खेळाडू सारे सैन्य हाकी. पुढे हौशी पोरांनी अशा खेळांत फेरफार केले. २००३ साली ‘वॉरक्राफ्ट’मधून ‘डोटा’ निघाला. आता एकेकाकडे एकच वीर, बाजूला पाच गडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने यातच कांस्यपदक मिळवले.

आमचे कोल्हापूर खासबागेतल्या एकास एक कुस्तीचे. “आजोबा, इथं एकट्याला जिंकता येत नाही,” तो म्हणाला. मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची त्याच्याशेजारी ओढली.