पासिंगच्या आदल्या दिवशी

वारज्याच्या अलीकडे, महामार्गालगतच्या मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या गाड्या ओळीने लागल्या आहेत. उद्या यांतल्या काहींचं पासिंग आहे आणि शाळा उघडायला आठवडाही उरलेला नाही. काल वळीव कोसळून गेलाय, त्यामुळे खाली चिखल आणि वर उकाडा. एक पोरगा पाइप धरून गाड्या धुतोय, दुसरा खिडक्यांच्या आडव्या दांड्यांना पिवळा हात मारतोय. बसमालकांना इथे सगळे दादा म्हणतात. दादा मघापासून फोनवर एकच विचारताहेत, "सिलिंडर निघाले का?"

आग विझवायचे सिलिंडर. रिफिलिंगवाला छोटा हत्ती घेऊन येतो, मागे लाल नळकांडी उभी बांधलेली.

शाळेच्या परिवहन समितीत मी पालकांच्या बाजूने आहे. स्कूल बससाठी राज्याने २०११ मध्ये नियम केले, तेव्हापासून प्रत्येक शाळेला अशी समिती ठेवावी लागते. तिच्या बैठका चहा आणि सह्यांवर उरकतात. यंदा बैठकीऐवजी थेट यार्डात जायचं ठरलं. ठरवायला सगळे होते, आलेली मी एकटी.

पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे सिलिंडर आहे. काटा हिरव्या पट्ट्यात. मी समाधानाने मान हलवते, तेवढ्यात रिफिलिंगवाला तो काढून उलटा करतो आणि कानाशी धरतो.

"काटा गॅसचा दाब सांगतो, मॅडम. आतल्या पावडरीचं त्याला काय माहीत?"

आत काही सरकल्याचा आवाज येत नाही. तो रबरी हातोड्याने बुडावर चारदोन ठोके देतो, पुन्हा उलटा करतो. आता सळसळ ऐकू येते.

"इमारतीत लावलेला असतो तो जागचा हलत नाही. गाडीतला दिवसभर आदळतो. पावडर तळाला बसते, घट्ट होते. मग वेळेला दाबला तर नुसता गॅस जातो फुस्सकन."

दुसऱ्या सिलिंडरचं सील तुटलंय. ड्रायव्हरकाका सांगतात, मागच्या वर्षी एका पोराने थोडासा उडवला होता, फार नाही. काटा मात्र लालमध्ये टेकलाय. जरासा जरी उडवला तरी पावडरीचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि राहिलेला दाब हळूहळू निघून जातो, म्हणजे तो भरूनच आणायचा. हा वर्षभर तसाच लटकलेला होता आणि रोज मुलं त्याच्या शेजारी बसून शाळेत जात होती.

"आणि भरलेला असला तरी किती वेळ चालतो?" मी विचारते.

"हा लहान आहे. दहा-बारा सेकंद धरा. गाडी वाचवायच्या नादाला लागायचंच नाही. तेवढ्यात पोरं उतरवायची."

तिसऱ्या गाडीत खरी गंमत आहे. सिलिंडर जागेवर आहे, भरलेला आहे, तारीखही चालू आहे. फक्त नायलॉनच्या दोरीने सीटच्या पायाला असा आवळलाय की गाठ शोधायलाच वेळ लागतो. मी ती सोडवून बघते. नखं दुखतात, गाठ सुटत नाही.

"हे कुणी केलं?"

"मीच," काका शांतपणे म्हणतात. "क्लॅम्प होता आधी. रात्री गाडी रस्त्यावर लागते. क्लिप उघडून कुणीतरी नेला भंगारात घालायला. पैसे माझ्या पगारातून कापले."

दादा फोन कानापासून जरा लांब धरतात आणि पुन्हा जवळ घेतात.

यावर काकांना काय बोलणार? ज्या वस्तूची भरपाई आपल्या खिशातून जाणार, ती माणूस बांधूनच ठेवणार. इथे कामचुकारपणा कुठेच नाही. उलट काळजी इतकी घेतलीय की वस्तू कुणाच्याच हाती लागू नये. मला वाटतं, स्कूल बसमधल्या सामानाचं दुखणं हेच आहे. नसणं पासिंगच्या दिवशी दिसतं, उसनं आणून का होईना भरून निघतं. असूनही हाताला न येणं कुठल्याच कागदावर चढत नाही.

प्रथमोपचार पेटीचंही तेच. पेटीला पितळी कुलूप. किल्ली कुठे? गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात. म्हणजे पेटी उघडायची तर आधी गाडी बंद करून किल्ली काढायची. कुलूप का, तर पोरं चिकटपट्ट्या पळवतात, गालाला लावून हिंडतात. हे सांगतात त्या गाडीवरच्या मावशी. मुलांना चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे. त्या पेटीतलं सगळं सीटवर मांडतात: कापसाचा गुंडाळा, वरचा थर पिवळा पडलेला. जखमेच्या औषधाची बाटली, झाकणाभोवती तपकिरी कड, मुदत मागच्या दिवाळीत संपलेली. दोन बँडेज, कागदसुद्धा न फोडलेली. कात्री नाही. उन्हाळाभर बंद गाडीत तापून चिकटपट्ट्यांचा गोंद पाघळलाय आणि त्या एकमेकींना चिकटून बसल्यात. तापाच्या गोळ्यांची एक अर्धी पट्टीही निघते.

"या कुणी ठेवल्या? पोटात घ्यायचं औषध आपण द्यायचं नाही ना मुलांना?"

"मी नाही देत. माझ्या डोक्याच्या आहेत त्या," मावशी म्हणतात आणि पट्टी कनवटीला लावतात.

मग त्या आपली कापडी पिशवी उघडतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जुडी, जुन्या साडीचे फडके, ओवा, आवळासुपारी, पाण्याची बाटली, ताज्या चिकटपट्ट्या, छोटी कात्री. गाडी लागणं हे स्कूल बसमधलं सगळ्यात मोठं दुखणं आणि त्याचं सामान सरकारी यादीत नसावं. चालता दवाखाना मावशींच्या काखेत आहे, आणि मावशी रजेवर गेल्या की तोही रजेवर.

पेटीला कुलूप नको आणि उघडीही नको, यावर वाद रंगतो. तोडगा रिफिलिंगवालाच काढतो. त्याच्याकडे पिनेला लावायची प्लॅस्टिकची सिलं आहेत, विजेच्या मीटरला असतं तसलं. हिसका दिला की तुटतं, आणि तुटलं की लांबून दिसतं. पेटीला तेच लावायचं. रोज सकाळी मावशींनी सील बघायचं. तुटलेलं दिसलं तर आत काय कमी झालं ते भरायचं. रोजच्या चिकटपट्ट्या वेगळ्या, चालकामागच्या कप्प्यात. दादा सिलांचा भाव विचारतात. भाव ऐकून पहिल्यांदाच हसतात.

काकांची दोरी मात्र दादाच कापतात. नवा क्लॅम्प बसवा म्हणतात, चोरीला गेला तर बघू. ‘बघू’ म्हणजे नक्की काय, हे काका विचारत नाहीत. मी विचारते.

"नाही कापणार, मॅडम. लिहून देऊ का?"

"द्या."

आता मागचं दार. संकटकाळचं. मी खटका ओढते, दार ढिम्म. वाकून बघितलं तर बाहेरून कडीला बाइंडिंगची तार, दुहेरी पीळ घातलेली. खडखड वाजत होतं म्हणून क्लीनरने आवळली. काही क्षण कुणी बोलत नाही. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत कंपनीची मिनीबस पेटली, मागच्या बाजूचे चौघे गेले. आग लावल्याचा आरोप चालकावरच आहे, पण मागचं दार उघडलं नाही हे पुण्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे. दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये बस यमुनेत पडली आणि अठ्ठावीस मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसना जे नियम घालून दिले, त्यांत ही पेटी आणि हे सिलिंडर आहेत. एवढ्या लांबून आलेला नियम इथे वीतभर तारेपाशी अडतो. काका पक्कड आणतात, तार तोडतात, ती चिखलात न टाकता खिशात घालतात.

दार उघडतं. मावशी उंबऱ्यावर येऊन खाली बघतात. जमीन चांगली कमरेएवढी खाली.

"पहिलीतलं पोर इथून उडी मारणार होय? खाली घ्यायला कोण?"

"मी आहे की," काका म्हणतात.

"तुम्ही पुढे. मी मधे पोरं सोडवणार. मागे कोण?"

मागे सध्या लहान मुलं बसतात. नववीतल्या मुलांना मावशींनी मुद्दाम पुढे आणलंय, नजरेखाली, कारण मागे बसली की खटक्याशी खेळतात. मावशी थोडा विचार करतात आणि एका मुलाचं नाव घेतात. सगळ्यांत जास्त खटका ओढणारा तोच. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मागे बसवायचं. आधी खाली उतरायचं आणि बाकीच्यांना हात द्यायचा, हे पहिल्याच आठवड्यात करून घ्यायचं.

"आणि चालत्या गाडीत उघडलं त्याने तर?" दादा विचारतात.

"बझर आहे ना पुढे," काका म्हणतात. "दार उघडलं की वाजतो."

दार सताड उघडंच आहे. आम्ही सगळे पुढे डॅशबोर्डकडे बघतो. काका किल्ली फिरवतात, दिवे लागतात, पंखा फिरतो. बझर वाजत नाही. दादा न बोलता फोन उचलतात आणि वायरमनला लावतात.